डोंगरातले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या हाताला चुना आणि कपाळाला घाम नक्कीच लागलेला असला पाहिजे. गवंडी वेळेवर येत नाही, आला तर वाळू आलेली नसते, आणि वाळू आली की पैसे संपलेले असतात. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतलेला आहे. परंतु ज्याच्या तिजोरीला तळ नाही आणि ज्याच्या एका हाकेला शंभर माणसे धावतात, अशा माणसाने घर बांधले तर त्याला ह्या म्हणीचा अर्थ कळेल काय? प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते. स्कॉटलंडातल्या डी नदीच्या काठी, गेल्याच्या मागल्या शतकात, एका जोडप्याने आपल्या सुट्टीतली डोंगरभटकंती चालू ठेवून एक घर बांधले. नवऱ्याचे नाव अल्बर्ट, बायकोचे व्हिक्टोरिया. घराचे नाव बालमोरल.

व्हिक्टोरिया राणी आपल्याला माहीत आहे ती रुपयावरची. मुकुट घातलेली, गंभीर, आणि आपल्याशी कसलाही संबंध नसूनही आपल्या खिशात असलेली. ह्या लेखातली व्हिक्टोरिया निराळी आहे. ती एकोणतीस वर्षांची आहे, तिचे झगे चिखलाने भरलेले आहेत, आणि धुक्याने माखलेल्या एका डोंगरावर ती तट्टावरून चालली आहे.

तिने स्कॉटलंड प्रथम पाहिले ते १८४२ साली. तिला तो देश आवडला. अल्बर्टला तर तो आपलाच वाटला. अल्बर्ट हा जर्मनीतल्या कोबुर्गचा. थुरिंगियाच्या रानात, टेकड्यांत तो वाढला होता. इंग्लंडच्या दरबारात तो राणीचा नवरा होता, पण त्याचे स्वतःचे असे तिथे काही नव्हते. राजवाडे राज्याचे, नोकर राज्याचे, आणि लोक त्याला परका म्हणायचे ते म्हणायचेच. स्कॉटलंडच्या दऱ्याखोऱ्यांत त्याला आपला थुरिंगिया दिसला.

परक्या डोंगरात आपला डोंगर पाहण्याची ही खोड काही त्याच्या एकट्याची नव्हे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम हा मूळचा स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडला. त्याला आपले महाबळेश्वरचे पठार असेच आवडले, आणि १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन त्याने ते मागून घेतले. त्याच्या नावाने तिथे मालकम पेठ वसली. ज्याला आपले घर दूर राहिले आहे, तो माणूस डोंगरात घर शोधतो. आणि घर शोधले की जमीन मागतो.

अल्बर्टने जमीन शोधली ती पावसामुळे. १८४७ साली हे कुटुंब पश्चिमेकडे लॉख लॅगनच्या काठी आर्डव्हेरिकी येथे उतरले असता तिथे पावसाने त्यांना जेरीला आणले. राणीचे वैद्य सर जेम्स क्लार्क ह्यांचा मुलगा त्याच सुमारास पूर्वेकडे डी नदीच्या खोऱ्यात पाहुणा म्हणून राहिला होता. त्याची खबर अशी की तिकडे लख्ख ऊन आहे. तो ज्यांच्याकडे उतरला होता ते सर रॉबर्ट गॉर्डन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अकस्मात वारले. बालमोरलचे घर त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्या पट्ट्याची उरलेली मुदत अल्बर्टने घेतली, आणि ती घर न पाहता, केवळ चित्रकार जेम्स जाइल्स ह्याने काढलेली जलरंगातली चित्रे पाहून! आपल्याकडे मुलगी पाहिल्याशिवाय लग्न ठरत असे, हे त्यातलेच.

८ सप्टेंबर १८४८ रोजी मंडळी बालमोरलला पोचली. वाचकांनी लक्षात घ्यावे की स्कॉटलंडातला सुट्टीचा काळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. हवेच्या दृष्टीने आपल्या श्रावण-भाद्रपदाशी त्याचे नाते जवळचे. उन्हाची तिरीप आणि पावसाची सर एकाच प्रहरात येतात, आणि हेदर नावाच्या झुडपाच्या जांभळ्या फुलांनी डोंगरउतार रंगून गेलेले असतात. आल्या दिवशीच दुपारी ती दोघे समोरची झाडीची टेकडी चढून गेली. आठच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्यांनी लॉखनगार गाठला. ह्या डोंगराची उंची ३,७८९ फूट. म्हणजे आपल्या सिंहगडाहून सुमारे दीडशे-दोनशे मीटरच कमी. परंतु अक्षांश उत्तरेकडचा असल्यामुळे माथ्यावरचा वारा हाडे गोठवणारा. वर पोचल्यावर धुक्यामुळे काहीसुद्धा दिसले नाही. राणीचे हे ‘चढणे’ पुष्कळसे तट्टावरून असे, अवघड जागी तेवढे पायी, हे खरे. पण भिजणे, थंडीने काकडणे आणि वर जाऊन धुके पाहून परत येणे, हे तिलाही चुकले नाही. आणि गंमत अशी की त्यामुळे तिचा उत्साह कमी न होता वाढला.

ह्याच १८४८च्या एप्रिलात साताऱ्याचे शहाजी महाराज निवर्तले होते, आणि त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा करावे असे मत गव्हर्नर जनरल डलहौसी ह्याने त्या ऑगस्टअखेर लिहून काढले होते. डलहौसी हाही स्कॉटलंडचाच. एका देशातली माणसे एकाच ऋतूत कोठे घर मांडीत होती आणि कोठे मोडीत होती, हे पाहिले म्हणजे मन थोडे थबकते. असो.

गॉर्डनसाहेबांचे जुने घर लहान होते. चार्ल्स ग्रेव्हिल हा दरबारी रोजनिशीकार १८४९ साली तिथे गेला, तेव्हा त्याला मोठे नवल वाटले. राजाराणी अगदी लहानशा खानदानी कुटुंबासारखी राहत होती, आणि सगळ्या राजघराण्याच्या रक्षणाला एकच पोलीस होता! घरात बिलियर्डचे टेबल होते. पण खोली इतकी लहान की कोणी काठी मागे ओढली म्हणजे राणीला आणि तिच्या आईला खुर्च्यांवरून उठून बाजूला व्हावे लागे. मंत्र्यांना हे गैरसोयीचे वाटे, राणीला मौजेचे. तिला आयुष्यात प्रथमच असे घर मिळाले होते, की ज्यात माणसे एकमेकांच्या आड येत होती.

तथापि मुले वाढत होती, पाहुणे वाढत होते. शेवटी १८५२ साली अल्बर्टने सुमारे १७ हजार एकरांची ही मालमत्ता तीस हजारांहून अधिक पौंड देऊन विकत घेतली. ही खरेदी राज्याच्या तिजोरीतून नव्हती. ती खाजगी होती. विंडसर आणि बकिंगहॅम राणीला वारशाने आले, आणि ज्याच्या डोक्यावर मुकुट जाईल त्याच्याकडे ती जाणार. बालमोरल मात्र अल्बर्टने स्वतः निवडले, स्वतः घेतले. परक्या देशात बारा वर्षे राहिलेल्या त्या माणसाला ‘माझे’ म्हणायला पायाखाली जमीन मिळाली.

त्याच सप्टेंबरातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉख मिक नावाच्या तळ्याजवळ मेंढपाळांच्या दोन झोपड्या होत्या. त्या दुरुस्त करून त्यांनी डोंगरातला मुक्काम केला होता. १६ सप्टेंबरला सकाळी तिथे बातमी आली की ड्यूक ऑफ वेलिंग्टन वारले. कोणाचा विश्वास बसेना. मंडळी ठरल्याप्रमाणे डोंगरात निघून गेली. वाटेत राणीच्या ध्यानात आले की आपले घड्याळ आपल्याजवळ नाही. आणि ते घड्याळ तिला म्हाताऱ्या ड्यूकनेच दिलेले होते. तिने एका नोकराला शोधायला मागे पाठवले. तो परत आला तो दोन गोष्टी घेऊन: घड्याळ घरी सुखरूप आहे हा निरोप, आणि ड्यूक खरोखरच गेले हे सांगणारी पत्रे. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ साली आपल्या असईच्या रणात शिंदे आणि भोसले ह्यांच्या फौजांचा पराभव केला होता. मराठी राज्याच्या पडत्या काळातला एक मोठा कर्ता मृत्यू पावल्याची खात्री राणीला अशी एका डोंगरवाटेवर पटली.

पुढच्या महिन्यात, ११ ऑक्टोबरला, समोरच्या क्रेग गोवन टेकडीवर जागेच्या खरेदीचा सोहळा झाला. हायलँडात आठवणीसाठी दगडांची रास रचतात. तिला केर्न म्हणतात. जुनी रास मोडून तिच्या जागी नवी रचायची होती. पहिला दगड राणीने ठेवला, दुसरा अल्बर्टने, मग मुलांनी वयाच्या क्रमाने, मग पाहुण्यांनी. आणि नंतर नोकर, कुळे, त्यांच्या बायका, पोरे अशा सर्वांनी पुढे होऊन एकेक दगड ठेवला. पाइप वाजत होते, व्हिस्की फिरत होती, लोक नाचत होते. रास माणसाहून उंच झाल्यावर अल्बर्ट वर चढला आणि शेवटचा दगड त्याने बसवला. कागदावरची खरेदी वकिलांनी पुरी केली होती. पण माणसाची खरी घरभरणी अशीच होते, दहाजणांचे हात लागून.

२८ सप्टेंबर १८५३ रोजी घराची कोनशिला बसली. चर्मपत्रावर सर्वांच्या सह्या घेऊन ते नव्या नाण्यांसह एका बाटलीत घातले आणि पायाच्या पोकळीत ठेवले; दगडावर तेल आणि मद्य ओतले. आपण पायाभरणीला पंचरत्ने ठेवतो आणि पाणी-अक्षता वाहतो, त्याचीच ही सख्खी बहीण. शिल्पकार होता ॲबर्डीनचा विल्यम स्मिथ. गॉर्डनच्या काळी जुन्या घराची डागडुजी ज्या जॉन स्मिथने केली, त्याचा हा मुलगा. अल्बर्ट त्याच्या नकाशांवर रेघा मारीत असे. दगड त्याच मालमत्तेतल्या इन्व्हरगेल्डरच्या खाणीतला, करड्या रंगाचा ग्रॅनाइट. तो दगड घडवायला कठीण, पण उन्हात फिकट झळाळणारा. अल्बर्टला त्याचे इतके वेड लागले की त्याने त्या करड्या रंगाचे एक चौकड्याचे कापडही स्वतः आखले. बालमोरलचे टार्टन म्हणतात ते हेच. घरातले गालिचेही चौकड्यांचेच. पुढे लॉर्ड रोझबेरी थट्टेने म्हणत असे, की ऑसबोर्नचा दिवाणखाना जगात सर्वांत कुरूप आहे, असे बालमोरलचा पाहीपर्यंत आपल्याला वाटत होते. परंतु घर बांधणाऱ्याच्या हौसेला पाहुण्याचे डोळे नसतात.

नवे घर जुन्यापासून सुमारे शंभर यार्डांवर उठत होते. त्यामुळे जुन्या घरात राहून सकाळी डोंगरावर जावे आणि संध्याकाळी परतताना भिंत किती वर आली ते पाहावे, असा दिनक्रम झाला. मला वाटते, ह्या जोडप्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस हेच. घर बांधून झाल्यावरचे सुख निराळे; पण ते बांधले जात असताना त्यात अजून काहीही घडू शकते, हे सुख निराळे. ७ सप्टेंबर १८५५ रोजी त्यांनी नव्या घरात पाऊल ठेवले, तेव्हा शकुन म्हणून त्यांच्यामागून एक जुना जोडा फेकण्यात आला. तीनच दिवसांनी रात्री क्रिमियातून सेबॅस्टोपोल पडल्याची तार आली. आदल्या वर्षी खोट्या बातमीवर विसंबून क्रेग गोवनवर लाकडांची होळी रचून ठेवली होती, ती त्या रात्री पेटली. पुढल्या ऑगस्टअखेर मंडळी आली तो मनोरा पुरा झालेला, आणि जुने घर नाहीसे झालेले. त्या घराचा पुढचा दरवाजा होता तिथे हिरवळीत खुणेचा एक दगड बसवण्यात आला.

येथपर्यंतची गोष्ट गोड आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने घराच्या खिडकीतून बाहेरही पाहिले पाहिजे.

डीच्या दक्षिण काठाने, बालमोरलच्या आवारातून, एक सार्वजनिक रस्ता जात होता. राजकुटुंबाला एकांत हवा होता. क्रॅथीला ब्रूनेल ह्या नामांकित अभियंत्याच्या योजनेचा लोखंडी पूल १८५७ साली झाला. दक्षिणेचा रस्ता लोकांना बंद झाला. आणि जुना दगडी पूल खाजगी आवारात गेल्यामुळे इन्व्हरकॉल्ड येथे १८५९ साली नवा पूल बांधून देण्यात आला. भरपाई चोख दिली गेली, ह्यात शंका नाही. अल्बर्टने आपल्या कुळांना चांगली घरे बांधून दिली, मुलांसाठी शाळा काढली, हेही खरे. तरीसुद्धा ज्याला चालण्याची एवढी आवड, त्याच्याच घरापायी इतरांची एक चालती वाट मोडली, ही गोष्ट विसरता येत नाही.

आणि त्या काळच्या हायलँडात ही गोष्ट एकाकी नव्हती. शतकाच्या आरंभीच सदरलँडसारख्या परगण्यांत मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी हजारो कुळांना पिढीजात खोऱ्यांतून उठवले होते; १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरांची छपरे जाळली गेली. कोणी समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यात आले, कोणी कॅनडाला गेले. पुढे मेंढ्यांचा भाव उतरला तसे जमीनदारांनी डोंगर हरणांच्या शिकारीसाठी राखायला सुरुवात केली. ह्या राखीव मुलखाला तिकडे हरणांचे ‘रान’ म्हणतात. मौज अशी की त्यात मैलोगणती एक झाड नसते. ही हकालपट्टी व्हिक्टोरिया-अल्बर्टने केली नाही. परंतु राणीच हायलँडात राहू लागली म्हटल्यावर धनिकांत तिथे शिकारीचे वाडे बांधण्याची चढाओढ लागली. ओसाड खोरी त्यांना ‘निसर्गरम्य’ वाटली. ती ओसाड का, हे विचारायला कोणी उरले नव्हते. १८८६ साली ह्या लहान शेतकऱ्यांना जमिनीवर टिकण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर तो तिथला कूळकायदा.

आता ह्या गोष्टीतला सर्वांत सुंदर विरोधाभास पाहा. १८६० आणि १८६१ साली राणी आणि अल्बर्ट ह्यांनी नावे बदलून लांबलांबच्या डोंगरसफरी केल्या. पहिल्या सफरीत ती दोघे ‘लॉर्ड आणि लेडी चर्चिल’ म्हणून ग्रँटाउनच्या खाणावळीत उतरली. बरोबरची माणसे विसरून मधूनच ‘महाराणी’ म्हणत, आणि सगळे हसू दाबीत. डॅल्व्हिनीच्या खाणावळीत तर रात्री चहाबरोबर दोन मरतुकडी कोंबडी मिळाली. बटाटे नाहीत, गोड काही नाही. राणीने हे सारे मोठ्या आनंदाने लिहून ठेवले आहे. म्हणजे घर पुरे होताच तिला हवे काय होते? अनोळखी माणूस म्हणून एखाद्या खोऱ्यात शिरावे, पलीकडे उतरावे, आणि वाटेत ‘तू कोण?’ असे कोणी विचारू नये. साध्या वाटसरूचा हा हक्क. तिला तो मिळवण्यासाठी नाव लपवावे लागे. आणि खऱ्या वाटसरूला अनेक डोंगरांवर नाव सांगूनही मिळत नसे.

त्या हक्कासाठी पुढचा झगडा झाला तो बालमोरलच्या शेजारच्याच डोंगरात. ब्रेमारहून लॉखनगारच्या दक्षिणेकडील पठार ओलांडून ग्लेन डॉलमध्ये उतरणारी एक जुनी वाट आहे. मेंढरे हाकणारे तिने पिढ्यान्पिढ्या जात. ग्लेन डॉलची जमीन घेणाऱ्या डंकन मॅकफर्सन नावाच्या मालकाने ती बंद केली. पाउलवाटांचे रक्षण करणाऱ्या स्कॉटिश संस्थेने त्याच्यावर दावा लावला. म्हाताऱ्या मेंढपाळांनी साक्षी दिल्या की आम्ही कळप घेऊन ह्याच वाटेने बाजाराला गेलो. दावा लॉर्डांच्या सभेपर्यंत पोचला, आणि १८८८ साली निकाल वाटसरूंच्या बाजूने लागला. ती वाट आज ‘जॉकचा रस्ता’ ह्या नावाने ओळखली जाते. त्याआधी १८८४ साली जेम्स ब्राइस ह्यांनी डोंगर सर्वांना मोकळे असावेत म्हणून पार्लमेंटात विधेयक आणले होते, ते पडले. त्यातला आशय स्कॉटलंडात कायद्यात उतरायला २००३ साल उजाडावे लागले. त्या साली एडिनबरोच्या पार्लमेंटाने ठरवले की कोणाचेही नुकसान न करता, कोणाच्याही घराच्या अंगणात न शिरता, जबाबदारीने चालणाऱ्याला जमीन मोकळी आहे. आज लॉखनगारवर जायला राणीचे तट्टू लागत नाही की राणीची परवानगीही.

अल्बर्टने बांधलेल्या घरात त्याला किती राहता आले? १८५५ पासून १८६१ पर्यंत, म्हणजे सातच शरद ऋतू. १६ ऑक्टोबर १८६१ला त्यांची शेवटची डोंगरसफर झाली, आणि १४ डिसेंबरला तो विंडसरला वारला, वय बेचाळीस. पुढल्या वर्षी राणीने बालमोरलच्या एका टेकडीवर त्याच्यासाठी दगडांचा मोठा पिरॅमिड उभारला. ह्या खेपेला दगड ठेवायला गावकऱ्यांचे नाचते हात नव्हते; ते कारागिरांचे चोख काम होते. ती त्यानंतर चाळीस वर्षे बालमोरलला येत राहिली, पण त्या घरात तिचे मन रमेना. १८६८ साली लॉख मिकच्या शेंड्याला ग्लासाल्ट येथे तिने आणखी एक लहान घर बांधले, आणि ते विधवेचे पहिले घर आहे, अल्बर्टचा हात न लागलेले, अशी नोंद केली. त्याच वर्षी तिने हायलँडातल्या दिवसांची आपली रोजनिशी छापून प्रसिद्ध केली. घराने जे दिले नाही ते आठवणीतल्या डोंगरवाटांनी दिले असावे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? म्हण राणीलाही चुकली नाही. फक्त तिला तिचा अर्थ गवंड्याने किंवा वाळूने शिकवला नाही, काळाने शिकवला. दगड ग्रॅनाइटचा होता, पण ज्याच्यासाठी घर उठले तो माणूस मातीचा होता. सत्ता, पैसा, सतरा हजार एकर, ह्यांतून त्या दोघांना जे खरोखर मिळाले ते असे: धुक्यात हरवलेला एक माथा, अर्धपोटी काढलेली एक रात्र, आणि एका दुपारी लहानथोरांनी मिळून रचलेली दगडांची रास.

क्रेग गोवनवरची ती रास अजून आहे. त्या दगडांतला राणीचा कोणता आणि मेंढपाळाच्या पोराचा कोणता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.